खुली सभा की छोटे चर्चागट?

महाविद्यालयात विचारांची मोकळी देवाणघेवाण सुरू करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, की महिन्यातून एकदा सर्वांसाठी खुली सभा घ्यावी, की दर आठवड्याला दहा-दहा जणांचे चर्चागट चालवावेत.

बोलण्याची संधी हा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तासाभराच्या सभेला शंभर जण आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 36 सेकंद येतात. प्रत्यक्षात धीट असलेले चार-पाच जणच बोलतात आणि नवखा विद्यार्थी श्रोताच राहतो. दहा जणांच्या गटात तेवढ्याच वेळात प्रत्येकाला 6 मिनिटे मिळतात, त्यामुळे मत मांडणे, ते खोडले जाणे आणि प्रसंगी ते बदलणे हे एकाच बैठकीत घडू शकते.

सभेला सभागृह, परवानगी आणि खंबीर सूत्रसंचालक लागतो, पण महिन्यातून एकदाच. गटांना रिकामी वर्गखोली पुरते, मात्र परीक्षा जवळ आल्या की उपस्थिती रोडावते. शिवाय गट हळूहळू मित्रांचाच अड्डा होतो (हे सहसा कोणी कबूल करत नाही), तर सभेत निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी समोरासमोर येतात.

शुल्क किंवा ग्रंथालयाच्या वेळा यांसारखे सर्वांचे प्रश्न असतील, तर सभाच घ्यावी. अबोल विद्यार्थ्यांना बोलते करायचे असेल, तर गट बरे. फक्त दर सत्रात सदस्यांची अदलाबदल करावी.