माचू पिक्चूच्या तिकिटात आमची झालेली फसवणूक

गेल्या जुलैमध्ये आम्ही दोघं पेरूला, इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर माचू पिक्चू बघायला, जाऊन आलो. मुलीकडे अमेरिकेत होतो, तिथूनच पुढे गेलो. मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवत असे. चुना न वापरता दगडाला दगड बसवून उभ्या केलेल्या इंकांच्या भिंती जवळून बघायच्या, ही फार जुनी इच्छा. नेमकी तीच राहून गेली. ओळखीतले बरेच जण तिकडे जायचं ठरवताहेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

कुस्को शहराच्या मुख्य चौकालगत एका एजन्सीत गेलो. माणशी 340 डॉलर: ओयांताइताम्बो गावापर्यंत गाडी, तिथून रेल्वे, वर जायची-यायची बस, प्रवेश आणि गाइड. डोंगराच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाला बाहेरून मोटाररस्ताच नाही. रेल्वेने जा, नाहीतर चालत. त्यामुळे सगळं एकाच माणसावर सोपवणं सोयीचं वाटलं. आत फिरायचे फेरे ठरलेले असतात, त्यांना सर्किट म्हणतात; आम्हाला हवं होतं ते दुसरं. मी दोनदा विचारलं, "सर्किट दोनच ना?" तो म्हणाला, "हो मॅडम, कन्फर्म आहे."

कार्डाचं मशीन बंद आहे म्हणून त्याने रोख घेतले. पावतीवर स्पॅनिशमध्ये नुसतं "माचू पिक्चू प्रवेश" लिहिलं. तिकिटं आदल्या रात्री साडेदहाला हॉटेलवर आली आणि आम्हाला पहाटे साडेतीनला निघायचं होतं. ह्यांनी नावं आणि पासपोर्ट नंबर ताडून पाहिले. ते बरोबर होते. खालची ओळ आम्ही वाचली नाही.

रेल्वेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. उरुबाम्बा नदीच्या काठाकाठाने जाणारा तो प्रवास अजून डोळ्यांपुढे आहे. दरवाजाशी गाइड मुलगी भेटली. तिकीट बघून ती थांबली आणि म्हणाली, "तुमचं हे वन-बी आहे. ह्यावर खाली अवशेषांत जाता येत नाही."

2024 पासून तिथे तीन सर्किटं आणि त्यांत दहा मार्ग आहेत. पहिलं सर्किट, आमचं वन-बी ह्यातलंच, वरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांवरून जातं. फोटोत दिसतं ते दृश्य तिथून पूर्ण दिसतं, पण माणूस शहरात शिरत नाही. दुसऱ्यात हे दृश्यही मिळतं आणि खाली शहरातही फिरता येतं. साध्या मार्गांचं सरकारी तिकीट परदेशी माणसाला सारखंच, तेव्हा 152 सोल (सोल हे पेरूचं चलन), म्हणून किमतीवरून संशय यायला जागा नाही. जून ते ऑगस्ट गर्दीचे महिने, दुसरं सर्किट खूप आधी संपतं. हे लोक "कन्फर्म" म्हणून पैसे घेतात आणि मग उरलं असेल ते तिकीट काढतात.

वर उभं राहून मी खाली पाहत होते. देवळं, घरं, अरुंद गल्ल्या आणि त्यांतून हिंडणारी माणसं. मला रडू आवरेना. मार्ग एकेरी आहे, रखवालदार मागे फिरू देत नाहीत, आणि एकदा बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत येता येत नाही. गावातल्या सरकारी कार्यालयात तिकिटं मिळतात, पण ती दुसऱ्या दिवसाची. आमची परतीची गाडी त्याच संध्याकाळी होती आणि सकाळी लिमाचं विमान.

आणखी एक. बसचं परतीचं तिकीट, माणशी 12 डॉलर, त्याने दिलेल्या तिकिटांच्या पाकिटात नव्हतंच. ह्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते आम्ही पुन्हा काढलं.

जाणाऱ्यांनी आधी संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तिकीट काढावं आणि मग त्या वेळेला जुळणारी रेल्वे बघावी. एजंटकडूनच घ्यायचं असेल तर तिकिटाची फाइल फोनवर मागवा, त्यावरचा सर्किट आणि मार्गाचा आकडा वाचा, आणि त्यानंतरच उरलेले पैसे द्या. पावतीवरही सर्किटचा आकडा लिहून घ्या.

रात्री कुस्कोत पोचल्यावर एजन्सी उघडी होती. तो म्हणाला, "माचू पिक्चू तर पाहिलंत ना?" मग मी "लिब्रो दे रेक्लामासिओनेस" मागितलं. पेरूत ही तक्रारवही प्रत्येक दुकानाला कायद्याने ठेवावी लागते, हे मला त्या गाइड मुलीने परतताना सांगितलं होतं. वहीचं नाव काढताच त्याचा आवाज खाली आला. त्याने बसचे 24 डॉलर काढून टेबलावर ठेवले आणि लिहू नका म्हणाला. मी ते घेतले आणि तक्रारही लिहिली, मराठीत विचार करून, मोडक्या इंग्रजीत, पानभर. त्याची प्रत माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही.