बोन्सायचा सुरुवातीचा संच: खाऱ्या हवेत वर्षभर वापरल्यावर

ऑनलाइन मिळतो तो नवशिक्यांसाठीचा बोन्साय संच मी गेल्या मे महिन्यात मागवला. मधे एक अख्खा पावसाळा गेला, ऑक्टोबरचं ऊन गेलं, आता पुन्हा उन्हाळा आहे. घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. त्यामुळे खालचं सगळं पुण्या-नाशिकच्या माणसाला तंतोतंत लागू पडेल असं नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी मात्र पैसे घालण्याआधी वाचावं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: हत्यारांवर कमी खर्च करा, मातीवर जास्त मेहनत घ्या.

संचात दोन कात्र्या, कॉन्केव्ह कटर, तार कापायचा कटर, मुळं विंचरायचं आकडीसारखं हत्यार, चिमटा, ब्रश, ॲल्युमिनियमच्या तारेची रिळं आणि हे सगळं गुंडाळून ठेवायला कॅनव्हासची पिशवी होती. हत्यारं काळ्या कार्बन स्टीलची. हे पोलाद धार छान धरतं, याबद्दल तक्रार नाही. पण पाऊस सुरू झाला आणि कात्रीच्या खिळ्याभोवती तांबडी पूड दिसायला लागली. कॅनव्हासची पिशवी तर आगीत तेल. ती ओल धरते, जुलैत तिच्यावर बुरशी चढते आणि आत गुंडाळलेलं हत्यार बाहेर ठेवलेल्यापेक्षा लवकर गंजतं. मी ती फेकून दिली. आता घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, तळाशी शिलाई मशीनचं तेल लावलेलं फडकं, आणि औषधांच्या डब्यांतून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. तेव्हापासून गंज थांबला आहे. स्टेनलेस घेतलं तर हा व्याप कमी होतो, पण किनाऱ्यावर स्वस्त स्टेनलेसवरही डाग येतात, आणि स्प्रिंग व खिळा साध्या लोखंडाचे असतील तर पहिले तेच जातात. घेताना ते बघा.

संचातलं खरं कामाचं हत्यार एकच, कॉन्केव्ह कटर. त्याची पाती आतून खोलगट असल्यामुळे फांदी कापल्यावर खोडाला किंचित खळगा पडतो. भोवतीची साल वाढून तो खळगा भरते आणि जागा सपाट होते. साध्या कात्रीने कापलं की खुंट राहतो आणि पुढे तिथे गाठ येते. आपल्याकडची सुरुवातीची झाडं म्हणजे वड, पायर, नांद्रुक, उंबर. सगळी चीकवाली. चीक पात्यावर वाळला की कटर नीट मिटत नाही, म्हणून काम झाल्या झाल्या रॉकेल किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं. एक सूचना: हा कटर दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. तो सरळ दगडावर घासतो आणि पात्याचा बाक जातो.

बाकीचं घरात असतंच. मुळं मोकळी करायला बांबूची टोकदार काठी त्या आकडीपेक्षा बरी, कारण लोखंडी आकडी बारीक मुळं तोडते. तीच काठी कुंडीत खोवून ठेवली तर ओल किती आहे हेही कळतं. जाड मूळ कापायला घडीची करवत मात्र वेगळी घ्यावी लागली. चिमटा मी अजून एकदाही वापरलेला नाही.

फांदीला हवं ते वळण द्यायला तिच्याभोवती तार गुंडाळतात, त्या तारेबद्दल थोडं सविस्तर. ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची तार नवशिक्यासाठी योग्यच, मऊ असते, वळण चुकलं तर सुधारता येतं. जाडीचा ढोबळ नियम असा की तार फांदीच्या एक तृतीयांश असावी आणि साधारण 45 अंशांत तिरकी गुंडाळावी. पण संचात 1 आणि 1.5 मिलिमीटरचीच रिळं होती. त्यांनी पेन्सिलीएवढी फांदी वळत नाही. 2.5 आणि 3 मिलिमीटरची वेगळी आणावी लागते, म्हणजे संचातली निम्मी तार पडून राहते. ओळखीच्या वायरमनकडून जुन्या सर्व्हिस वायरचे तुकडे मिळाले तर घ्या. वरचं प्लास्टिक सोललं की आत ॲल्युमिनियमची एकसंध तार असते. 4 स्क्वेअर एमएमची तार साधारण सव्वादोन मिलिमीटर जाड भरते. चकाकते, दिसायला वाईट, जरा कडकही असते, पण फुकट असते. बांधकामाची बाइंडिंग वायर अजिबात नको, ती गंजते.

शेजारच्या काकी रोज गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, डोकावून विचारायच्या, "झाडाक तार कित्याक गुंडाळलंस रे?" प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. पावसाळ्यात इथे वडाच्या जातीची झाडं इतक्या वेगाने वाढतात की तार काही आठवड्यांत सालीत रुतायला लागते. पुस्तकी वेळापत्रकं थंड देशांतली असतात, ती इथे चालत नाहीत. जून ते सप्टेंबर दर रविवारी तार बघायची, रुतायच्या आत काढायची. काढताना उलगडत बसू नका, प्रत्येक वेढा तार कापायच्या कटरने तोडा. उलगडताना फांदी मोडते.

आता माती. विकत मिळणारं बोन्साय मिक्स म्हणजे बहुतेक कोकोपीट आणि वर थोडे रंगीत खडे. ते इथल्या पावसात चिखलासारखं बसतं. कोकणात पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाणी पडतं आणि बोन्सायची कुंडी उथळ. कुंडी खोल असो की उथळ, तळाच्या थरात मातीच्या बारीक फटींमुळे पाणी धरून राहतंच. उथळ कुंडीत तो ओला थर म्हणजे जवळजवळ सगळी माती. म्हणून तळाला खडे घालून काही साधत नाही, ओला थर फक्त वर सरकतो. मातीचा कणच जाड पाहिजे.

जपानी लोक त्यासाठी आकादामा वापरतात, भाजल्यासारख्या रंगाची दाणेदार ज्वालामुखी माती. आपल्याकडे ती महाग पडते. आणि चिरेखाणीच्या आसपास जांभ्याचा चुरा ढिगाने पडलेला असतो! सच्छिद्र, पाणी थोडं धरणारा, बाकीचं सोडणारा. खाणवाल्याला विचारून घमेलं-दोन घमेली आणा. मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळा, मग बारीक चाळणीतून पूड काढून टाका. 3 ते 6 मिलिमीटरचे दाणे ठेवा आणि धुऊन घ्या. बोटांनी चुरडला जाणारा मऊ जांभा नको, एका पावसात त्याची पुन्हा माती होते. मी तीन भाग जांभा आणि एक भाग कुजलेलं शेणखत वापरतो. कोकोपीट घालायचंच असेल तर आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, नारळाच्या सोडणात मूळचाच खार असतो. पुळणीवरची वाळू कितीही जवळ असली तरी नाही.

पावसाच्या झडीत आणखी एक करतो: कुंडीच्या एका बाजूखाली चिऱ्याची कपची सरकवून ती तिरकी ठेवतो. खालच्या कोपऱ्यापासून मातीची उंची वाढते, जास्तीचं पाणी निघून जातं आणि ओला थर त्या एका कोपऱ्यात आकसतो. यात पैसा लागत नाही. उन्हाळ्यात उलट अडचण येते. एप्रिल-मेमध्ये आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, दाण्यांवर पांढरा थर येतो. तेव्हा आठवड्यातून एकदा भरपूर पाणी घालून खार धुऊन काढतो. झारी बारीक भोकांची घ्या. संचात ती नसते, आणि खरं तर रोज हातात तीच असते.

खताच्या गोळ्या आल्या होत्या, पावसात वाहून गेल्या. शेंगदाण्याची पेंड पाऊस ओसरल्यावर देतो. मासळीचं खतही चांगलं, पण मांजरं कुंडी उकरतात.

रोप मात्र विकत घेऊ नका. गडग्याच्या चिऱ्यांत, विहिरीच्या कठड्याला, देवळाच्या भिंतीला पायर आणि उंबर आपोआप उगवतात, मुळं दगडांत वेडीवाकडी झालेली. पहिला पाऊस पडून भिंत भिजली की धन्याला विचारून सोडवून आणा, बहुतेक जण खूशच होतात. लगेच उथळ कुंडीत घालू नका. वर्षभर भाजीच्या प्लास्टिकच्या टोपलीत ठेवा, तळाला मच्छरजाळी. मुळं टोपलीच्या भोकांशी येऊन हवेत सुकतात, मग आतून नवी बारीक मुळं फुटतात. पिंपळ मी आणला नाही, आमच्या घरात तो कुंडीत लावलेला कोणालाच आवडणार नाही.

संचाला पाचांपैकी अडीच. पुन्हा घ्यायचं झालं तर सुटा कॉन्केव्ह कटर, एक बरी सिकेटर (फांद्या छाटायची कात्री), 2.5 आणि 3 मिलिमीटरची तार आणि करवत एवढंच घेईन. चिनीमातीची निळी कुंडी सगळ्यांनाच पहिल्या दिवशी हवी असते. ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी घ्या आणि घेताना उलटी करून तळाची भोकं बघा. माझ्या कुंडीला एकच होतं, दुसरं टाइल कापणाऱ्या मिस्त्रीकडून पाडून घ्यावं लागलं.