कॅमेऱ्यात चमकणारा, पण कामाचा नसलेला इन्फ्रारेड कीबोर्ड

उंचावर बसवलेल्या एलईडी फलकाचा मजकूर आणि वेळ बदलायला हातात मावणारा छोटा इन्फ्रारेड कीबोर्ड लागतो. तो घेताना मला फसवलं गेलं, आणि तेही ठरवून. मोठी डिजिटल घड्याळं, सेन्सरचे दिवे, काही गॅस डिटेक्टर यांनाही अशीच साधनं लागतात. अशा उपकरणावर अनेकदा एकही बटण नसतं, म्हणून मूळ कीबोर्ड हरवला की माणूस अडतो. विकणारे नेमकं अशा अडलेल्यालाच गाठतात.

“सगळ्या कंपन्यांच्या बोर्डांना चालतो,” असं विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं. मग कीबोर्ड मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून एकेक बटण दाबलं. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकला. “बघा, सगळी बटणं चालू!”

ही चाचणी तुमच्यासमोर कोणी केली, तर सावध व्हा. अशा रिमोटचा प्रकाश बहुधा ९४० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसू शकतो. पण तो चमकला म्हणजे सेल आणि एलईडी शाबूत आहेत, एवढंच कळतं. हुकूम असतो स्पंदांच्या क्रमात. एनईसी या प्रचलित पद्धतीत ३८ किलोहर्ट्झच्या लहरीवर आधी ९ मिलिसेकंदांचं स्पंद, मग ४.५ मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, जातात. त्यांत उपकरणाचा पत्ता असतो. पत्ता जुळला नाही, तर फलक ढिम्म राहतो.

माझा फलकही ढिम्मच राहिला. शेवटी आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल सर्किट बोर्डाला टीएसओपी १७३८ हा इन्फ्रारेड रिसीव्हर जोडून कोड वाचले, तर शेजारशेजारच्या दोन-दोन अक्षरांचा कोड एकच! कीबोर्डवरच्या स्टिकरची कड उचकटली, तर खाली गाणी वाजवण्याच्या यंत्राचा साधा रिमोट निघाला, प्ले आणि आवाजाच्या खुणांसकट. अक्षरं जास्त, खालची बटणं कमी.

याहून संताप आणणारी गोष्ट पुढची. विक्रेता म्हणाला, “तुमच्या बोर्डाचा रिसीव्हर गेलाय, नवा बसवून देतो.” म्हणजे खोटा माल विकून वर धडधाकट फलक उघडायचा! ओळखीतल्या एकाकडे त्याच मॉडेलचा मूळ कीबोर्ड होता. तो आणून दाबला आणि फलक लगेच बदलला. हे कळवल्यावर विक्रेत्यानं फोन उचलणंच बंद केलं.

तुमच्या स्वतःच्या उपकरणावर सेटिंग बदलून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. बदल केल्यावर वीज बंद करून पुन्हा चालू करा आणि तो टिकतो का पाहा. माहितीपुस्तिकेतला कीबोर्डचा पार्ट नंबर जुळवा. उपकरण आयआरडीए, म्हणजे इन्फ्रारेडनं दोन उपकरणांत माहितीची देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीचं असेल, तर टीव्हीच्या धर्तीचा कुठलाही रिमोट त्याला चालणार नाही. ती पद्धतच वेगळी आहे आणि सहसा मीटरभर अंतरापुरती असते. मूळ कीबोर्ड अजून हाताशी असेल, तर त्याचे कोड लर्निंग रिमोटमध्ये, म्हणजे दुसऱ्या रिमोटचे कोड शिकून घेणाऱ्या रिमोटमध्ये, आजच उतरवून ठेवा.