लारावेलमध्ये प्लगिनांची उतरंड सांभाळताना : कंपोझरच्या रोजच्या वापरातला अनुभव

शाळांची फी आणि पावत्या सांभाळणारं एक वेब ॲप्लिकेशन आमची छोटी टीम चालवते. खाली लारावेल 11 (पीएचपी भाषेतलं वेब फ्रेमवर्क), ॲडमिन पॅनेलसाठी फिलामेंट 3, आणि त्या पॅनेलला जोडलेली प्लगिन्स : एक्सेल एक्सपोर्ट, रोल-परमिशन, कॅलेंडर, बॅकअप वगैरे. हे सगळं आणतो, बसवतो आणि एकमेकांशी जुळवून ठेवतो तो कंपोझर, म्हणजे पीएचपीचा पॅकेज मॅनेजर (पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड). पीएचपीमध्ये त्याला आज दुसरा पर्याय उरलेला नाही, त्यामुळे "घ्यावा की नाही" असा हा रिव्ह्यू नाही. ट्युटोरियलमध्ये "कंपोझर रिक्वायर" मारून पुढे जातात. त्यानंतरच्या महिन्यांत काय होतं, ते इथे लिहितोय.

मत आधीच सांगून टाकतो. कंपोझर पॅकेज बसवतो त्यात विशेष काही नाही. तो "हे जमणार नाही" म्हणतो आणि का जमणार नाही ते सांगतो, यासाठी त्याला मार्क द्यायचे. आम्हाला जो काही त्रास झाला तो त्याच्या नकारामुळे झालेला नाही. जिथे त्याला दिसतच नव्हतं, किंवा प्लगिनवाल्याने त्याला भलतं सांगून ठेवलं होतं, तिथे झाला.

थोडी पार्श्वभूमी. निल्स ॲडरमन आणि जॉर्डी बोगियानो यांनी 2012 मध्ये कंपोझर लोकांसमोर आणला. त्याआधी पेअर हे पीएचपीचं जुनं पॅकेज-साधन होतं, पण त्यात पॅकेज साधारणपणे अख्ख्या सर्व्हरवर बसायचं. दोन प्रकल्पांना दोन व्हर्जन हव्या असल्या की भांडण. कंपोझरने प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचा "व्हेंडर" फोल्डर दिला. कोणत्या व्हर्जन एकमेकींशी जुळतील हे शोधणारा त्याचा सॉल्व्हर मुळात ओपनसूझे लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरमधल्या सॉल्व्हरवरून घेतलेला आहे. ज्यांनी जुन्या 1 व्हर्जनवर काम केलंय त्यांना "अलाउड मेमरी एक्झॉस्टेड" आठवत असेलच. ऑक्टोबर 2020 मध्ये 2.0 आली आणि तो प्रकार जवळजवळ संपला. आज वेग ही तक्रार राहिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. पीएचपीत एका प्रकल्पात एका पॅकेजची एकच व्हर्जन राहू शकते. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) जगात प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात स्वतःची वेगळी प्रत ठेवू शकतं. इथे ती सोय नाही, कारण एकाच नावाचा क्लास दोनदा लोड होत नाही. म्हणून आमच्या कॅलेंडर प्लगिनला फिलामेंट हवं, फिलामेंटला लाइव्हवायर, लाइव्हवायरला लारावेल, लारावेलला सिम्फनीचे डझनभर घटक, आणि सगळ्यांच्या तळाशी पीएचपी. ही उतरंड आहे. वरचं मडकं बदलायला काही लागत नाही, मधलं बदलायचं तर वरची सगळी आधी खाली उतरवावी लागतात.

ऑगस्ट 2025 मध्ये फिलामेंट 4 आलं तेव्हा हे नीट कळलं. त्याला पीएचपी 8.2 आणि लारावेल 11.28 च्या पुढचं हवं होतं. ते दोन्ही आमच्याकडे होतं. म्हणजे तळ तयार होता. अडत होती ती प्लगिन्स. "कंपोझर व्हाय-नॉट फिलामेंट/फिलामेंट 4.0" ही कमांड दिली की कोण आडवं येतंय त्याची यादी मिळते : अमुक प्लगिनची अमुक व्हर्जन फिलामेंट ^3.0 (म्हणजे 3 मालिकेतलंच) मागते, तमुक तेच मागतं. हा "व्हाय-नॉट" माझ्या मते कंपोझरमधला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लोक "अपडेट" मारतात, लाल अक्षरांचा ढिगारा बघतात आणि तो एआयला चिकटवतात. त्याऐवजी हा एक प्रश्न आधी विचारला तर तीन ओळींत उत्तर मिळतं. त्याचा भाऊ "व्हाय". तो उलट बाजूने सांगतो : हे पॅकेज आपण मागितलेलं नसताना आलं कुणामुळे?

यादी हातात आल्यावर काम तांत्रिक उरत नाही, माणसांचं होतं. एका प्लगिनच्या लेखकाने काही दिवसांत नवी व्हर्जन काढली. दुसऱ्याच्या रिपॉझिटरीत (कोड ठेवण्याच्या जागेत) कुणीतरी बदल करून दिला होता, पण तो मर्ज करायला, म्हणजे मूळ कोडात घ्यायला, मालक फिरकत नव्हता. अशा वेळी त्या माणसाचा फोर्क (त्याने बदललेली वेगळी प्रत) वापरावा का, हा प्रश्न येतो. कंपोझर.जेसनमध्ये (काय काय लागतं ते लिहिलेल्या फाइलमध्ये) रिपॉझिटरीचा पत्ता देऊन ते करता येतं, आणि आणीबाणीत आम्हीही केलं. पण फोर्क म्हणजे ते प्लगिन आता तुमचं. त्याच्या पुढच्या दुरुस्त्या कोण करणार, हे आधी ठरवा. फिलामेंटच्या अपग्रेड गाइडमध्येच लिहिलंय की एखादं प्लगिन तयार नसेल तर ते तात्पुरतं काढून ठेवा. वाचताना हा सल्ला उडवाउडवीचा वाटला होता. करून बघितल्यावर सर्वांत कमी त्रासाचा तोच निघाला.

प्लगिनवाले व्हर्जनची अट कशी लिहितात यावरून त्यांची पारख होते. ^3.2 म्हणजे 3.2 पासून 4.0 च्या आत काहीही चालेल. ~3.2.1 म्हणजे 3.3 च्या आत. शून्याने सुरू होणाऱ्या व्हर्जनला कॅरेट (^) कडक होतो : ^0.3 म्हणजे 0.4 च्या आतच. हे सगळं ठीक. पण काही जण ">=3.0" लिहून मोकळे होतात, वर काही मर्यादाच नाही. याचा अर्थ अजून न जन्मलेल्या फिलामेंट 7 वरही माझं प्लगिन चालेल अशी हमी! कंपोझर बिचारा त्यावर विश्वास ठेवतो, हिरव्या अक्षरांत सगळं बसवतो, आणि पान उघडल्यावर 500, म्हणजे सर्व्हर एरर. मला हा खोटा होकार नकारापेक्षा कितीतरी वाईट वाटतो. आता कुठलंही प्लगिन घेण्याआधी मी त्याच्या वर्णनाआधी त्याचा कंपोझर.जेसन उघडतो. ">=" किंवा नुसता तारा दिसला की टॅब बंद.

लॉक फाइलबद्दल (कुठल्या पॅकेजची नेमकी कोणती व्हर्जन बसली त्याची नोंद) बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात : ती कमिट करा, सर्व्हरवर "इन्स्टॉल"च चालवा, "अपडेट" कधीच नाही. दोन ब्रँचमध्ये लॉक फाइल भांडली तर हाताने जुळवू नका; एका बाजूची ठेवा आणि आपलं पॅकेज पुन्हा रिक्वायर करा.

पीएचपीच्या व्हर्जनबद्दल मात्र थोडं जास्त. लॅपटॉपवर 8.3, सर्व्हरवर 8.2, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. कंपोझर लॅपटॉपचं पीएचपी बघून व्हर्जन निवडतो आणि मग सर्व्हरवर अडतो. कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्म म्हणून सर्व्हरची व्हर्जन लिहून ठेवली की प्रश्न मिटतो. "एक्स्ट-जीडी मिसिंग" (पीएचपीचं चित्रांसाठीचं जीडी एक्स्टेन्शन नाही) असा निरोप आला की नेटवर पहिला सल्ला सापडतो तो "--इग्नोअर-प्लॅटफॉर्म-रेक्स" लावण्याचा, म्हणजे या अटी तपासूच नको असं कंपोझरला सांगण्याचा. हा सल्ला देणाऱ्यांना तुमच्या सर्व्हरचं काही पडलेलं नसतं. एक्स्टेन्शन बसवा.

लारावेलने ऑगस्ट 2017 मध्ये, 5.5 पासून, ऑटो-डिस्कव्हरी आणली. पॅकेज बसवलं की त्याचा सर्व्हिस प्रोव्हायडर (त्याला लारावेलशी जोडणारा क्लास) आपोआप नोंदला जातो. सोय छान आहे, पण त्यामुळे बूट होताना काय काय चालतंय ते एका जागी दिसत नाही. टेलिस्कोपसारखी (लारावेलचं डीबगिंगचं पॅकेज) फक्त डेव्हलपमेंटपुरती पॅकेजेस असतील तर ती "डोन्ट-डिस्कव्हर"मध्ये टाकून प्रोव्हायडर स्वतः नोंदवावा. टेलिस्कोपच्या कागदपत्रांतही हेच सांगितलंय. शिवाय बूटस्ट्रॅपच्या कॅश फोल्डरमधली शोधलेल्या पॅकेजेसची यादी लॅपटॉपवरून सर्व्हरवर गेली, आणि तिथे "नो-डेव्ह" लावून, म्हणजे डेव्हलपमेंटची पॅकेजेस वगळून, इन्स्टॉल केलेलं असलं, तर "क्लास नॉट फाउंड" ठरलेलं.

आता ज्या प्रकाराने मला खरंच घाम फुटला तो सांगतो. लारावेल 11 ला तारखांसाठीच्या कार्बन पॅकेजची 2 किंवा 3, कुठलीही व्हर्जन चालते. आमच्याकडे एका जुन्या प्लगिनने कार्बन 2 वर धरून ठेवला होता. ते प्लगिन नको झालं म्हणून काढलं. पुढच्या अपडेटला कार्बन 3 आला. कुणाचाच विरोध नव्हता, कंपोझर खूश. पण कार्बन 3 मध्ये दोन तारखांमधले दिवस अपूर्णांकात येतात, आणि तारखांचा क्रम उलटा असेल तर उणे येतात. कार्बन 2 पूर्ण संख्या देत असे आणि नेहमी अधिक. आमची विलंब शुल्काची मोजणी भरणा-तारखेपासून मुदतीपर्यंत, म्हणजे उलट्या दिशेने, लिहिलेली होती. निकाल : बारा दिवस उशिरा फी भरणाऱ्या पालकाला उणे बारा पूर्णांक काहीतरी दिवसांचं शुल्क, म्हणजे चक्क सवलत! टेस्टने डिप्लॉयच्या आधीच पकडलं म्हणून मुख्याध्यापकांचा फोन आला नाही. हा बदल लारावेलच्या अपग्रेड गाइडमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. फक्त आम्ही 10 वरून 11 वर आलो त्या दिवशी तो आम्हाला लागू नव्हता. तो नंतर एक प्लगिन काढल्यामुळे लागू झाला. प्लगिन जोडताना सगळे जपून असतात. काढताना लॉक फाइलचा फरक ओळीने वाचायचा नियम आम्ही तेव्हापासून केला.

मराठी पावत्यांसाठी पीडीएफ हे वेगळंच प्रकरण. पीडीएफची काही लोकप्रिय पॅकेजेस देवनागरी अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवतात. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि "शिक्षण शुल्क" हे दोन शब्द पालकांना वाचताच येत नाहीत. यावर दोन रस्ते सापडले. एक एमपीडीएफ. त्यात भारतीय लिप्यांची जुळणी करण्याची सोय आहे, पण फाँटच्या सेटिंगमध्ये ओटीएल (ओपनटाइप लेआउट) मुद्दाम चालू करावं लागतं. आणि सीएसएस बेताचंच कळतं, फ्लेक्सबॉक्स विसरायचा. दुसरा ब्राउझरशॉट. तो पाठीमागे क्रोम चालवून पान छापतो, त्यामुळे अक्षरं ब्राउझरमध्ये दिसतात तशी हुबेहूब. रूप बघितलं तर दुसराच घ्यावा. पण त्याला नोड, पपेटिअर (क्रोमला हुकूम देणारं नोडचं पॅकेज) आणि क्रोम लागतं, आणि यातलं काहीही कंपोझरला दिसत नाही. कंपोझर म्हणणार सगळं जागेवर आहे, आणि सर्व्हरवर पावती निघणार नाही. आम्ही एमपीडीएफ घेतलं आणि पावती टेबलांत मांडली, नव्वदच्या दशकातल्या एचटीएमएलसारखी. दिसायला जुनाट आहे. पण त्याला जे लागतं, जीडी आणि एमबीस्ट्रिंग ही एक्स्टेन्शन्स, ते कंपोझर.जेसनमध्ये लिहिलेलं आहे, आणि नसेल तर इन्स्टॉल करतानाच कळतं.

सुरक्षेबद्दल. 2.4 पासून (ऑगस्ट 2022) "कंपोझर ऑडिट" आहे. बसवलेल्या व्हर्जनमध्ये ज्ञात त्रुटी आहेत का ते सांगतं, सोडून दिलेली पॅकेजेसही दाखवतं. आम्ही ते प्रत्येक बिल्डला चालवतो. त्याआधी, 2.2 पासून, कंपोझरची स्वतःची प्लगिन्स चालवण्याआधी तो परवानगी विचारतो, कारण ती इन्स्टॉलच्या वेळी तुमच्या मशीनवर कोड चालवू शकतात. त्या प्रश्नाला डोळे मिटून "हो" म्हणू नये. मे 2023 मध्ये पॅकॅजिस्टवर (कंपोझर जिथे पॅकेजेस शोधतो ती मुख्य यादी) चार निष्क्रिय खाती कुणीतरी बळकावली आणि 14 पॅकेजेसचे पत्ते आपल्या रिपॉझिटरींकडे वळवले. त्या वेळी नुकसान झालं नाही. पण निष्क्रिय खातं हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे; आपण ज्यांवर विसंबतो त्या प्लगिनांपैकी कितींचे मालक अजून लॉगिन करतात?

एक तक्रार कंपोझरबद्दलच. आमचे स्वतःचे मॉड्यूल आम्ही पाथ रिपॉझिटरीतून, म्हणजे मशीनवरच्याच फोल्डरमधून, जोडतो. त्यांना व्हर्जन दिली नाही तर कंपोझर ब्रँचवरून "डेव्ह-मेन" असं काहीतरी ठरवतो आणि मग स्थिर व्हर्जनच्या अटीत ते बसत नाही. उपाय आहे, "@डेव्ह" लावायचं, पण त्या वेळी येणारा निरोप इतका आडवळणाचा असतो की नवीन मुलगा अर्धा दिवस त्यातच अडकतो. बाकी ठिकाणी एवढं स्पष्ट बोलणारं साधन इथेच का चाचरतं, कळत नाही.

आता नवीन पॅकेज मागणाऱ्याला टीममध्ये आधी विचारलं जातं : यासोबत आणखी काय काय येणार? "ड्राय-रन" लावून (प्रत्यक्ष काही न बसवता) ती यादी दाखवायची. पावतीवरच्या अक्षरी रकमेसाठी एक पॅकेज सुचवलं गेलं होतं, पण त्यासोबत आणखी चार येत होती. मराठीत एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द, म्हणजे शेवटी तक्ताच हवा. तो एका दुपारी टाइप केला, वर शंभर, हजार, लाख, कोटीचं गणित बसवलं. त्या फाइलला अजून कुणी हात लावलेला नाही.