क्लासला पाच स्टार, फाइलच्या कामाला एक (अलकापुरी, बडोदा)

नाव घेत नाही, इंग्लिशचे क्लास आणि परदेशी जायच्या फाइली दोन्ही करणारी अशी ऑफिसं अलकापुरीत ढिगाने आहेत, एकाच जिन्यात तीन-तीन. आमच्या ह्यांनी 2022 मधे इथेच आयेल्ट्सचा, म्हणजे परदेशी जायला लागते त्या इंग्लिशच्या परीक्षेचा, क्लास केला, दांडिया बाजारातून रोज संध्याकाळी स्कूटरवर, लॅबची ड्युटी संपवून. क्लासबद्दल खरंच तक्रार नाही. सर फोनवर टायमर लावून समोर बसायचे, एक मिनिट विचार करा, दोन मिनिटं बोला, मधे थांबलात की पुन्हा पहिल्यापासून. हे घरी भाजी चिरताना पण मला दोन मिनिटं इंग्लिशमधे लेक्चर द्यायचे. लिसनिंगला 8, रीडिंगला साडेसात, बाकी दोन्हीत 7 आले, म्हणजे कॅनडाच्या भाषेच्या पट्टीवर सीएलबी 9. म्हणूनच पीआरची, म्हणजे कॅनडात कायम राहायच्या परवान्याची, फाइल पण डोळे झाकून ह्याच ऑफिसकडे दिली आणि तिथेच चुकलं.

परीक्षा झाली 2 एप्रिल 2022 ला, पेपरवाली, रिझल्ट आला 15 एप्रिलला. टीआरएफ, म्हणजे आयेल्ट्सचा रिझल्टचा कागद, ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये, त्यावर दोन तारखा असतात. वर सेंटर नंबर आणि कँडिडेट नंबरच्या मधल्या चौकोनात परीक्षेची तारीख, आणि खाली सहीजवळ रिझल्ट काढल्याची. हा रिझल्ट दोनच वर्षं चालतो आणि आयेल्ट्सवाले ती मोजतात वरच्या तारखेपासून, म्हणून हिशोब तिचाच धरावा. ऑफिसातल्या मुलीने आमच्या फोल्डरवर जो कागद चिकटवला होता त्यात खालची तारीख धरून "व्हॅलिड 15 एप्रिल 2024" असं लाल पेनाने लिहिलेलं. तेरा दिवस फुकटात वाढवून दिले!

पीआरचा अर्ज टाकायचं कॅनडाचं निमंत्रण आलं 2024 च्या फेब्रुवारीच्या मध्याला, आरोग्यवाल्यांची वेगळी फेरी असते त्यात. तिथून अर्ज भरायला साठ दिवस मिळतात, म्हणजे 14 एप्रिलपर्यंत. ह्यांच्या जुन्या हॉस्पिटलच्या लॅबचं अनुभवाचं पत्र तेवढं अडकलं होतं, मी दर दोन दिवसांनी फोन करायचे आणि पलीकडून एकच उत्तर, "टेन्शन ना लो बेन, साठ दिवस छे ने." दहा एप्रिलला सबमिट करू म्हणाले. आता बघा, कॅनडाचा नियम असा की भाषेचा रिझल्ट प्रोफाइल बनवताना तर दोन वर्षांच्या आतला हवाच पण पीआरचा अर्ज प्रत्यक्ष टाकता त्या दिवशी पण हवा. साठ दिवस बाकी असले तरी परीक्षा जुनी झाली की ते साठ दिवस घेऊन काय लोणचं घालायचं?

हे पकडलं माझ्या धाकट्या भावाने, होळीच्या दिवशी पुरणपोळी खायला आला होता तेव्हा. सीए आहे, कुठलाही कागद हातात आला की आधी तारीख बघतो, खोडच आहे त्याला. त्याने फोल्डर उघडलं आणि पोळी हातात तशीच ठेवून विचारलं, "ताई, ही परीक्षा दोन एप्रिलची आहे ना?" माझ्या पोटात गोळाच आला, हातात नऊ दिवस. पुन्हा परीक्षा द्यायची तर फी पुन्हा भरायची, ते एकवेळ ठीक, पण रायटिंग अर्ध्या बँडने जरी खाली आलं तरी पॉइंट कापले जाणार आणि निमंत्रण हातचं जायची भीती.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले ते पाच वर्षं चालतं. पाच वर्षं चालतं ते डिग्रीचं मूल्यांकन, ईसीए, आयेल्ट्स नाही! फाइलचे पैसे घेणाऱ्या माणसाने ही गल्लत करावी? शेवटी हे स्वतः हॉस्पिटलात दोन तास बसून पत्र घेऊन आले आणि 30 मार्चला रात्री अर्ज गेला.

माझ्या भाचीला मास्टर्ससाठी यूकेला जायचंय, तिला पण तेव्हाच सांगितलं की कोणत्या दिवशी स्कोअर जिवंत हवा ते आधी विचार, कारण काही युनिव्हर्सिटी कोर्स सुरू होतो त्या दिवसापर्यंत मोजतात. टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो ह्या इंग्लिशच्या बाकीच्या परीक्षांना पण सगळीकडे दोनच वर्षं. ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसाला तेवढी तीन वर्षांची सूट आहे, स्टुडंटला नाही.

तर, क्लास लावायचाय? जरूर लावा, सर अजून आहेत. फाइल देऊ नका, आणि दिलीच तर तारखा घरच्या कॅलेंडरवर स्वतः लिहा.

परवा ओरिजिनल कागद परत घ्यायला गेले तर तीच मुलगी दुसऱ्या कोणाच्या तरी फोल्डरवर लाल पेनाने तारीख लिहीत होती, खालचीच. मी तिला वरचा चौकोन बोटाने दाखवला. "अच्छा, आ?" म्हणाली आणि खोडरबर शोधायला लागली, पेनाच्या शाईला.