सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड, इंदुरातल्या हिशेबानं

सरकारी आरोग्य योजनेचं आयुष्मान कार्ड सत्तरीनंतर घ्यावं का, या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: घ्यावं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ‘आयुष्मान वय वंदना’ या नावानं हे कार्ड निघतं. वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न विचारत नाहीत आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. जुनी दुखणी पहिल्या दिवसापासून धरली जातात. आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. घरात आधीपासून गरीब कुटुंबाचं आयुष्मान असेल तर म्हाताऱ्यांचे हे ५ लाख त्याहून वेगळे.

पण हे हॉस्पिटलात भरती झाल्यावरच चालणारं कार्ड आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, ओपीडीची फी, दर महिन्याच्या तपासण्या यांत बसत नाहीत. भरतीआधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस, एवढाच बाहेरचा खर्च धरतात. म्हणून सीजीएचएसवाल्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) निवृत्तांनी उगाच घाई करू नये. दोन्हींतलं एकच ठेवता येतं, आणि दर महिन्याची औषधं सोडून हे घेणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. खासगी मेडिक्लेम किंवा ईएसआयसी (कामगारांचा राज्य विमा) असेल तर मात्र हेही चालतं.

कार्ड काढायला आधार पुरतं. आयुष्मान अ‍ॅपवर घरी बसून होतं, नाहीतर कियोस्कवर. अडतं ते बोटांवर. जन्मभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटावरच्या रेषा मशीनला दिसतच नाहीत. कियोस्कवाला पाचदा अंगठा दाबायला लावतो आणि ‘आधार अपडेट करून या’ म्हणतो. त्याला चेहऱ्यानं किंवा डोळ्यानं पडताळणी करायला सांगा, तीही चालते. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. मात्र बहुतेकांचा तो नंबर कधीच बंद पडलेला असतो.

सत्तरीच्या आतल्या कमी उत्पन्नाच्या घरांना समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंब-नोंदणीचा नंबर) आणि पात्रता पर्ची (रेशनची) किंवा संबल कार्ड (असंघटित कामगारांचं) लागतं. तिथे आपल्या मराठी नावांचा खास घोळ. आधारवर स्वतःचं, नवऱ्याचं आणि आडनाव असं तीनपदरी नाव, समग्रमध्ये नुसतं ‘सुमनबाई’. लग्नात नाव बदललेलं असेल तर माहेरचं एकीकडे, सासरचं दुसरीकडे. नाव जुळलं नाही की अर्ज पेंडिंगमध्ये लटकतो. आधी समग्रची ई-केवायसी, नगर निगमच्या झोन कार्यालयातली दुरुस्ती, मग कार्ड. उलट क्रमानं गेलात तर चकरा वाढतात.

खरी कसोटी हॉस्पिटलच्या काउंटरवर. ‘इथे आयुष्मान चालतं’ हा बोर्ड अर्धीच गोष्ट सांगतो. हॉस्पिटलची नोंद स्पेशालिटीप्रमाणे असते: हृदयाला चालणारं हाडांना चालेलच असं नाही. काही पॅकेज (ठरलेल्या दराचे उपचार) तर फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखून ठेवलेली असतात. म्हणून १४५५५ या हेल्पलाइनवर किंवा हॉस्पिटलातल्या आयुष्मान मित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारताना आजाराचं नाव घेऊन विचारा. भरतीच्या वेळीच कार्ड पुढे करा. रोख भरून नंतर पैसे परत मागायची सोय यात नाही. उपचाराआधी हॉस्पिटलनं प्री-ऑथ, म्हणजे योजनेची आगाऊ परवानगी, मंजूर करून घ्यावी लागते. पॅकेज जनरल वॉर्डचं असतं. प्रायव्हेट रूम घेऊन वरचा फरक भरतो म्हटलं तर ते चालत नाही. स्टेंटसारखी वस्तू पॅकेजमध्ये असूनही बाहेरून आणायला सांगितली, तर चिठ्ठी जपून ठेवा आणि तिथूनच १४५५५ ला फोन लावा.

डिस्चार्जच्या दिवशी नुसत्या प्रिस्क्रिप्शनवर उठू नका. १५ दिवसांच्या गोळ्या हॉस्पिटलनंच द्यायच्या असतात, आणि हेच सर्वात जास्त चुकवलं जातं. रकमेची जागा कोरी असलेल्या कागदावर सही नको.

मुलगा पुण्यात आणि आई-वडील सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, अशी घरं आपल्यात कमी नाहीत. इंदुरात काढलेलं कार्ड पुण्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलात चालतं. तिथे नवं काढू नये.

एक नावाचा गोंधळ: मध्य प्रदेशात आयुष्मानलाच ‘निरामयम्’ म्हणतात. ‘निरामया’ वेगळी, ती राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट, केंद्र सरकारची संस्था) विमा योजना, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविकलांगता यांसाठी, १ लाखापर्यंत. तिच्यात ओपीडी आणि थेरपीही येते, त्यामुळे घरात असं मूल असेल तर तिचा फॉर्म आधी भरा.