क्यूवर आळ, दोष घड्याळाचा: लॉग गोळा करावेत की ट्रेसिंग बसवावं?

"दादा, दुरुस्ती केली तरी बिलात साडेआठच लीटर आलंय. सभासद समोर उभा आहे, त्याला काय सांगू?"

पलूस भागातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा हा फोन होता. सभासदानं संध्याकाळी साडेअठरा लीटर दूध घातलं होतं. काट्याजवळच्या पीसीवर आकडा टाकताना एक 'एक' राहून गेला आणि साडेआठ पडलं. सचिवांच्या ते लगेच लक्षात आलं, त्यांनी बारा मिनिटांत मोबाईलवरून दुरुस्ती पाठवली आणि दुरुस्ती पोचल्याची खूणही त्यांना दिसली. तरीही दहा दिवसांच्या बिलात जुनाच आकडा. दहा लीटर दुधाचे पैसे शेतकऱ्याच्या घरात लहान नसतात, आणि सभासद जाब विचारतो तो सर्व्हरला नाही, सचिवांना.

सांगलीत बसून आम्ही तिघं अशा साठेक केंद्रांची यंत्रणा सांभाळतो. केंद्रावरची नोंद आमच्या सर्व्हरवरच्या पहिल्या, म्हणजे दारावरच्या सर्व्हिसकडे (एकेक काम सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हिस) येते, तिथून रॅबिटएमक्यू या निरोप सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या क्यूत, म्हणजे रांगेत पडते. पुढे दर लावणारी, एसएमएस पाठवणारी, बिलात जमा करणारी अशा वेगवेगळ्या सर्व्हिस ती आपापल्या सवडीनं उचलतात. कोणी कोणासाठी थांबत नाही. तुमचा पसारा साधारण असाच असेल, बिघाड शोधायला एखाददुसराच माणूस असेल आणि सगळे लॉग (प्रत्येक प्रोग्रॅम आपण काय केलं ते लिहीत जातो त्या ओळी) एका जागी आणावेत की ट्रेसिंग (एका नोंदीचा सगळ्या यंत्रांवरचा प्रवास जोडून दाखवणारी सोय) बसवावं या विचारात तुम्ही असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. मी दोन्ही बसवलं, दोन्ही वापरतो. पण आज कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची झाली तर आधी काय बसवेन, हे माझ्या मनात पक्कं आहे.

लॉगच्या बाजूनं बोलायचं तर त्याच्याइतकं स्वस्त आणि सोपं काही नाही. चालू प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही. प्रत्येक यंत्रावर एक छोटा गोळा करणारा प्रोग्रॅम ठेवला की लॉग साठवून शोधू देणाऱ्या इलॅस्टिकसर्चमध्ये किंवा लोकीमध्ये सगळं येऊन पडतं. इलॅस्टिकसर्च ओळीतल्या शब्दाशब्दाची सूची करतं, त्यामुळे शोध झटकन लागतो पण जागा आणि मेमरी भरपूर खातं. लोकी फक्त लेबलांची (ओळींच्या गटाला लावलेल्या चिठ्ठ्यांची) सूची ठेवतं, म्हणून कमी खर्चात भागतं. मात्र सभासद क्रमांकासारखी हजारो वेगवेगळी मूल्यं असलेली गोष्ट त्यात लेबल केली तर ते धापा टाकू लागतं. या दोघांतलं काय घ्यायचं हा तुमच्या सर्व्हरच्या ताकदीचा प्रश्न. त्यावर फार रात्री जागू नका.

आमच्याकडे लॉग होते आणि प्रत्येक नोंदीला पावती क्रमांकही होता. मी पावती क्रमांक टाकून शोधलं, ओळी वेळेनुसार लावल्या आणि वाचायला बसलो. पीसीनं नोंद पाठवली ६ वाजून १८ मिनिटांनी. मोबाईलवरून दुरुस्ती निघाली ६:५२ ला आणि लगेच लागू झाली. मग ७:०५ ला बिलाच्या सर्व्हिसनं ती पहिली नोंद उचलली आणि दुरुस्तीवर लिहून टाकली. म्हणजे नोंद मध्ये ४७ मिनिटं कुठंतरी अडकली होती. दारावरच्या सर्व्हिसचे आम्ही जागा वाचवायला फक्त चुकांचेच लॉग ठेवत होतो, त्यामुळे पाठवणं आणि उचलणं या दोन ओळींच्या मध्ये दिसायला एकच गोष्ट उरत होती, ती म्हणजे क्यू.

तीन दिवस मी क्यूच्या मागं होतो. कन्झ्युमर (क्यूतून मेसेज उचलणारा प्रोग्रॅम) एका वेळी किती मेसेज उचलतो ते बदललं, पोच द्यायला उशीर होतो का ते तपासलं, त्या संध्याकाळी क्यू किती भरली होती ते आलेखावर पाहिलं. आलेख सपाट होता. क्यूत मेसेज साचलेच नव्हते, मग हा एकटा मेसेज ४७ मिनिटं बसला कुठं? दुसऱ्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या तर त्याच केंद्राचा उशीर ४९ मिनिटं, आणखी एका दिवशी ५२. बाकीच्या केंद्रांचा काही सेकंद.

लॉगवरचा माझा भरवसा इथं ढळला. ओळी खोट्या नव्हत्या. त्या पीसीच्या मदरबोर्डवरची बटण-बॅटरी मरायला टेकली होती. रात्री बोर्डावरचं बटण बंद केलं की घड्याळ रेंगाळायचं आणि रोज दोन-चार मिनिटं मागं पडायचं. त्यावर जुनी विंडोज, जी आपणहून वेळ जुळवते ती आठवड्यातून एकदाच, आणि तेव्हा नेट नसलं की तेही राहून जातं. पीसीनं ६:१८ लिहिलं तेव्हा सांगलीत ७:०५ वाजले होते. नोंद क्यूत थांबलीच नव्हती, ती मुळात निघालीच उशिरा.

वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळावरून ठरवू नये, कोणी कोणाला निरोप दिला यावरून ठरवावा, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली मांडलं. निरोप पाठवणं हे तो मिळण्याच्या आधीच असणार, घड्याळं काहीही म्हणोत. मी हे कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. लॉग वेळेनुसार लावून वाचतो तेव्हा आपण नेमकी ही गोष्ट बाजूला सारतो, याची जाणीव मात्र त्या आठवड्यात झाली. पावती क्रमांकासारखी समान खूण सगळ्या ओळी एका पोत्यात आणून देते. त्या कोणत्या क्रमानं ओवायच्या, हे पुन्हा घड्याळच सांगतं.

ट्रेसिंगमध्ये हा क्रम निरोपाबरोबरच प्रवास करतो. गूगलनं २०१० मध्ये आपल्या डॅपर या ट्रेसिंग यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला. त्यातून प्रेरणा घेऊन ट्विटरचं झिपकिन आलं, पुढे उबरमधून ट्रेस साठवून पडद्यावर दाखवणारं येगर आलं. २०१९ मध्ये दोन वेगळे प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं, आणि आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं दुसरीकडे पाहायची फारशी गरज नाही. प्रत्येक कामाचा एक स्पॅन (काम कधी सुरू झालं, किती वेळ चाललं याची नोंद), एका प्रवासातले सगळे स्पॅन मिळून एक ट्रेस, प्रत्येक स्पॅनला स्वतःचा क्रमांक आणि आपल्याला कोणी बोलावलं त्याचा क्रमांक. ही माहिती ट्रेसपॅरेंट नावाच्या हेडरमधून, म्हणजे निरोपाला जोडलेल्या चिठ्ठीतून जाते. त्यात ५५ अक्षरं असतात: आवृत्ती, ३२ अक्षरी ट्रेस क्रमांक, १६ अक्षरी बोलावणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी दोन अक्षरांची खूण.

केंद्रावरच्या प्रोग्रॅममध्ये ओपनटेलिमेट्री घातलं आणि त्याच संध्याकाळी येगरमध्ये त्या केंद्राचा ट्रेस उघडला. वर पीसीचा स्पॅन, सर्व्हरला हाक मारून उत्तराची वाट पाहणारा, लांबी ३१० मिलिसेकंद. त्याच्या पोटात दारावरच्या सर्व्हिसचा स्पॅन. पण पडद्यावर हा पोटातला स्पॅन आईच्या, म्हणजे बोलावणाऱ्या स्पॅनच्या खाली न दिसता पार उजव्या टोकाला पडला होता, आई संपल्यानंतर ५३ मिनिटांनी सुरू झालेला. आई ३१० मिलिसेकंद थांबून उत्तर घेऊन मोकळी झाली आणि उत्तर देणारा तासाभरानं जन्मला, असं होऊच शकत नाही. किती वेळ लागला हे त्याच यंत्रावर मोजलेलं असतं, म्हणून ३१० वर शंका घ्यायचं कारण नव्हतं. चूक फक्त घड्याळातच असू शकत होती. एक मिनिटही लागलं नाही. सचिवांना फोन करून विचारलं, पीसीच्या कोपऱ्यात किती वाजलेत? त्यांनी वाचून दाखवलं आणि मी माझ्या मोबाईलकडे पाहिलं.

पहिल्या संध्याकाळी नोंद उशिरा का निघाली, हे मात्र लॉगनंच सांगितलं. पीसीच्या लॉगमध्ये 'नेट नाही, पुन्हा प्रयत्न' अशा ओळी होत्या, पंचवीस मिनिटांच्या. ट्रेसनं कोणतं दार ठोठवायचं ते दाखवलं, आतली हकीकत लॉगमध्ये होती. म्हणून लॉग टाकून द्या असं मी म्हणणार नाही.

ट्रेसिंगचा त्रासही सांगायला हवा, कारण क्यू असलेल्या यंत्रणेत तो साध्या वेब सर्व्हिसपेक्षा जास्त आहे. सर्व्हिसनं सर्व्हिसला थेट हाक मारली तर हेडर बहुधा आपोआप जातं. क्यूतून जाताना ते मेसेजच्या हेडरमध्ये घातलं गेलं की नाही हे आपण पाहायचं, आणि उचलणाऱ्यानं ते वाचलं की नाही हेही. एका जरी कन्झ्युमरनं ते टाकून दिलं तर ट्रेस तिथंच तुटतो, आणि तुटलेले दोन तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्या एसएमएसवाल्या सर्व्हिसमध्ये असंच झालं होतं. ती एका वेळी पन्नास मेसेज उचलून एकत्र पाठवते. स्पॅनला आई एकच असू शकते, इथं पन्नास होत्या. अशा वेळी आई-मूल नातं न जोडता दुवे जोडायचे असतात, ओपनटेलिमेट्रीत त्याची सोय आहे. दहा दिवसांच्या बिलालाही तेच. दहा दिवस लांबीचा एक ट्रेस करायच्या फंदात पडू नका, तो पडद्यावर वाचता येत नाही. बिलाचा ट्रेस नवा सुरू करावा आणि नोंदींकडे दुवे द्यावेत.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. जे घडलं त्याचा स्पॅन असतो, जे घडलंच नाही त्याचा नसतो. मेसेज कोणी उचललाच नाही तर ट्रेस नुसता लवकर संपल्यासारखा दिसतो, आणि 'मूल नसलेले ट्रेस दाखव' हा शोध येगरमध्ये सरळ करता येत नाही. त्यासाठी आकडे लागतात: क्यूत किती मेसेज साचले, डेड लेटर क्यूत (पोचवता न आलेल्या मेसेजच्या रांगेत) किती गेले. आम्ही ते प्रोमेथिअस या आकडे साठवणाऱ्या साधनात ठेवतो. सांगलीकराला हा फरक वेगळा समजावायला नको. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे पाणी मोजायची पट्टी सांगते. ते पाणी कोयनेतून सोडलेलं की मधल्या पावसाचं, हे पट्टीवर दिसत नाही. पण पट्टी नसेल तर रात्री उठवणार कोण?

केंद्र बंद आहे की नुसतं संथ, हा प्रश्न यातल्या कशानंच पूर्ण सुटत नाही. असिंक्रोनस जाळ्यात निरोप यायला किती वेळ लागेल याला मर्यादाच नसते, म्हणून मेलेला आणि मंदावलेला यांच्यात खात्रीनं फरक करता येत नाही. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये, एक जरी यंत्र मरू शकत असलं तरी अशा जाळ्यात यंत्रांच्या एकमताची हमी देता येत नाही हे सिद्ध केलं, त्याच्या मुळाशीही हीच अडचण आहे. आमच्या फलकावर पूर्वी 'केंद्र बंद' असं लाल अक्षरात यायचं आणि सचिव दुखावायचे, कारण केंद्रावर दूध घालणाऱ्यांची रांग असायची, गेलेलं असायचं ते फक्त नेट. आता 'दहा मिनिटं निरोप नाही' एवढंच लिहितो. तेवढंच आपल्याला खरं माहीत असतं.

खर्चाचं थोडक्यात. मोठ्या कंपन्या सगळे ट्रेस ठेवत नाहीत, थोडे निवडून ठेवतात. साठ केंद्रांना निवडायची गरजच नाही, आम्ही सगळे ठेवतो, पंधरा दिवस. बिल दहा दिवसांचं, तक्रार आली तर त्यानंतर चार-पाच दिवसांत येते. निवडून ठेवले असते तर त्या सभासदाचाच ट्रेस नेमका नसता, आणि त्याला आम्ही काय उत्तर दिलं असतं?

सगळं एकाच सर्व्हरवर असेल किंवा जुना प्रोग्रॅम उघडायची सोयच नसेल, तर लॉगवर भागेल. सगळ्या यंत्रांची घड्याळं तेवढी जुळलेली ठेवा. पण तुमच्या ताब्यात नसलेल्या यंत्रांवरून, गावोगावच्या पीसीवरून आणि मोबाईलवरून निरोप येत असतील, तर माझं झुकतं माप ट्रेसिंगला आहे. सुरुवात छोटी करता येते. येगर उभं करायच्याही आधी मेसेजच्या हेडरमध्ये ट्रेसपॅरेंट घाला आणि तोच क्रमांक लॉगच्या प्रत्येक ओळीत लिहा. ते दोन-तीन दिवसांचं काम आहे, आणि पुढे ट्रेसिंग बसवताना त्यातलं बरंच काम आधीच झालेलं असतं.

पीसीची बॅटरी बदलली. खरी दुरुस्ती वेगळीच होती. आता प्रत्येक पावतीला आवृत्ती क्रमांक असतो, पहिली नोंद एक, दुरुस्ती दोन. दोन आधी आली आणि एक मागून आली, तर एक बाजूला पडते. वेळ काय लिहिली आहे हे बिलाची सर्व्हिस आता बघतच नाही. त्या सभासदाचे दहा लीटरचे पैसे पुढच्या बिलात जमा झाले, आणि जमा झाल्याचा फोन मी सचिवांना स्वतः केला.